फुकटात मिळणारं लिबरऑफिस मला ८०,२४० रुपयांना विकलं, प्रेसवाले आणि डीटीपीवाल्यांनी वाचा

आकडा आधीच सांगतो. ८२,६०० रुपये गेले. त्यातले ८०,२४० एकदा आणि २,३६० नंतर, आणि आणखी ३१,८६० मागत होते ते मी दिले नाहीत. हे सगळं कशासाठी, तर जे कुणीही घरबसल्या एक रुपया न देता डाउनलोड करू शकतो त्या, एमएस ऑफिससारखंच काम करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी. हसायचं तर हसा, घरात हसून झालंय.

दक्षिण महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी आमचा छोटा प्रेस आहे, छपाई आणि डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर बसवायचं काम. लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची कार्डं, निवडणूक लागली की हँडबिलं. सहा कॉम्प्युटर, त्यातले चार जुनेच. त्यावर कुठलं सॉफ्टवेअर होतं ते विचारू नका, जे तुमच्याकडे आहे तेच होतं. मशीन असेंबल करून देणाऱ्यानंच विंडोज, ऑफिस, डिझाइनचं कोरल, फोटोशॉप सगळं टाकून दिलेलं आणि बिल फक्त हार्डवेअरचं. अख्ख्या बाजारपेठेत एक दुकान दाखवा जिथं वेगळं आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद झाला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, जुना प्रोसेसर चालत नाही, म्हणजे आमची चार मशीन भंगारात. हे टेन्शन डोक्यात असतानाच इंग्रजीत एक मेल आला, लायसन्स ऑडिट वगैरे, अमुक दिवसांत खुलासा करा. मी सोडून दिला. मग फोन आला. मग माणूसच आला पुण्याहून. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड, भाषा आपल्याच भागातली, मला काका काका करत होता. म्हणाला काका, मी धाड घालायला नाही आलो, धाडीतनं वाचवायला आलोय. आणि मग कलम ६३ ब.

आता इथं लोक म्हणतात तुम्ही घाबरलात कसे. अहो कलम खरं आहे! कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ ब, चोरीचं सॉफ्टवेअर माहीत असून वापरलं तर कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, दंड ५० हजार ते २ लाख. मी त्याच्यासमोर मोबाईलवर शोधलं आणि शब्दन् शब्द बरोबर निघाला. त्यानं जे जे सांगितलं त्यातलं निम्मं खरंच होतं, म्हणून तर बाकीचं निम्मं गळ्याखाली उतरलं. ओपन सोर्सवर या, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर, विंडोजच्या जागी लिनक्स, कायदेशीर आहे, व्हायरसचा त्रास कमी, जुन्या मशीनवर पळतं, हे सगळं खरं आहे, आजही खरं आहे. फक्त ते फुकट आहे एवढंच तो सांगायचं विसरला.

कोटेशन असं होतं. सहा मशीनचं 'कमर्शियल ओपन सोर्स लायसन्स' ८,५०० प्रमाणे ५१,०००. डेटा मायग्रेशन, म्हणजे जुन्या फाईली नव्यावर आणणं, १२,०००. 'कम्प्लायन्स सर्टिफिकेट' ५,०००. झाले ६८,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १२,२४०, एकूण ८०,२४०. सर्टिफिकेट गुळगुळीत कागदावर, होलोग्राम, वर तीन सिंहांसारखं काहीतरी. मी छपाईवाला आहे, तो होलोग्राम बाजारात शीटवर कितीला मिळतो ते मला माहितीये, तरी त्या दिवशी माझी नजर कागदाच्या जीएसएमवर, म्हणजे जाडीवर गेली आणि मजकुरावर गेली नाही. ४०,००० एनईएफटीनं ॲडव्हान्स, राहिलेले ४०,२४० काम झाल्यावर यूपीआयनं.

आणि आता ते, जे रात्री अजून आठवतं. पैसे द्यायच्या आधी डेमो चालला होता. त्यानं ऑफिससारखं एक सॉफ्टवेअर उघडलं, वर कुठल्यातरी कंपनीचा निळा लोगो, नाव भलतंच. मी माउस हातात घेतला, हेल्पच्या मेनूत गेलो, सगळ्यात खालच्या अबाउटवर क्लिक केलं. खिडकी उघडली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, लिबरऑफिस, आणि खाली द डॉक्युमेंट फाउंडेशन. मी वाचलं. वाचलं हो! त्याला विचारलंही, हे लिबरऑफिस काय? त्यानं माझ्या हातावर हात ठेवून माउस सरकवला, खिडकी बंद केली आणि म्हणाला ते आतल्या इंजिनचं नाव आहे काका, गाडी मारुतीची असली तरी इंजिन सुझुकीचं असतंय ना. आमचा ऑपरेटर हसला, मी हसलो, चहा आला. एवढंच. तेच नाव तिथल्या तिथं मोबाईलवर टाकलं असतं तर कळलं असतं की २०१० मध्ये ओपनऑफिसमधनं फुटून निघालेला हा प्रोजेक्ट आहे, जगभरातले लोक मिळून चालवतात, डाउनलोडला पैसे नाहीत, घरी वापरा, दुकानात वापरा, सहा मशीनवर टाका नाहीतर सहाशे. 'कमर्शियल लायसन्स' नावाची भानगडच नाही. पण ज्या माणसाचं कलम बरोबर निघालं त्याचं प्रत्येक वाक्य कोण तपासत बसतो? तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, काउंटरवर पत्रिकेवाल्यांची रांग, एक बाई सॅम्पल बघत गुलाबी की मोतिया विचारतेय. तुम्ही असता तर काय केलं असतं सांगा.

पहिला दणका फाईलींनी दिला. आमची वीस वर्षांची पत्रिकांची फाईल कोरलमध्ये, मजकूर श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. हा म्हणालेला सगळं उघडतं. उघडलं खरं. गणपती जागेवर, बॉर्डर जागेवर, आणि 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्का, कंस. जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं नाहीत, फॉन्ट नसला की आतला कोड तसाच बाहेर दिसतो, हे डीटीपीवाल्या प्रत्येकाला माहितीये, मलाही माहितीये. पण तो म्हणाला होता 'कन्व्हर्टर देतोय, मायग्रेशनमध्ये आहे', त्याचेच तर १२,००० घेतले. नवरदेवाचे वडील समोर खुर्चीवर, आणि स्क्रीनवर त्यांच्या कुलदैवताच्या जागी डॉलरचं चिन्ह. ते काम शेवटी शेजारच्या प्रेसला दिलं, त्याचे गेलेले पैसे मी ८२,६०० मध्ये धरलेलेच नाहीत.

मग प्रिंटर. नवीन प्रिंटर जोडायला गेलो तर पासवर्ड मागतो. कुठला पासवर्ड? ॲडमिनचा. तो आमच्याकडे नाही, 'सिक्युरिटीसाठी' त्यांच्याकडे. स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या पैशाच्या मशीनवर, स्वतःचा प्रिंटर जोडायला २,००० अधिक ३६० जीएसटी. दिले, अडला हरी. लिहून ठेवा हे : लिनक्स कुणीही टाकून देऊ दे, ॲडमिन पासवर्ड तुमच्या हातात आल्याशिवाय शेवटचा रुपया सोडायचा नाही. समोर लॉगिन करून बघायचं, एखादं सॉफ्टवेअर स्वतः टाकून बघायचं, मगच.

तेवढ्यात कर सल्लागाराचा फोन. बिलावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत दिसत नाही. बिलात १२,२४० जीएसटी आणि रिटर्नमध्ये त्याचा पत्ता नाही. आधी म्हणाला फाईल केलं नसेल, पुढच्या महिन्यात येईल. पुढच्या महिन्यातही नाही. मग बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली, आणि नाव बिलावरच्या नावापेक्षा वेगळंच. हे बघायला लॉगिनही लागत नाही, जीएसटीच्या साईटवर टॅक्सपेयर सर्चमध्ये पंधरा अक्षर-आकड्यांचा नंबर टाकला की नाव आणि स्टेटस समोर. कुणाचंही बिल येऊ दे, पैसे द्यायच्या आधी टाका. आमच्या सल्लागारानं ते काम पैसे गेल्यावर केलं आणि त्याची फी मात्र वेळेवर घेतली.

तीन महिने झाले आणि एका सकाळी सहाही मशीनवर तोच मेसेज, परवान्याची मुदत संपली, रिन्यूअल करा. ओके दाबलं की लॉगआउट. फोन केला तर मुलगी म्हणते सर, रिन्यूअल ४,५०० पर मशीन, सहाचे २७,०००, जीएसटी धरून ३१,८६०. मी म्हटलं लाईफटाईम म्हणाला होतात. म्हणे लायसन्स लाईफटाईम आहे सर, ॲक्टिव्हेशन नाही.

तेव्हा कुठं भाच्याचा एक मित्र आला, डिप्लोमाला आहे. पेनड्राईव्हवरनं मशीन चालू केलं, ॲडमिन पासवर्ड बदलला आणि मला दाखवलं. लॉगिन झालं की आपोआप चालणाऱ्या यादीत एक फाईल, आत जेमतेम दहा-बारा ओळी. आजची तारीख बघ, अमुक तारखेच्या पुढं असेल तर मेसेज दाखव आणि बाहेर काढ. बस्स. हे त्यांचं 'ॲक्टिव्हेशन सर्व्हर'. खाली साधं लिनक्स मिंट, लिनक्सचाच फुकट मिळणारा एक प्रकार, वॉलपेपर बदललेलं. पोरानं ती फाईल माझ्या पेनड्राईव्हवर कॉपी करून ठेवली आणि मशीनवरनं उडवली, सहाही मशीन चालू. पैसे घेईना, जबरदस्तीनं जेवायला घातलं.

आता तक्रार. पोलीस ठाण्यात गेलो, बिल, स्टेटमेंट, सर्टिफिकेट, ती फाईल छापून, सगळं घेऊन. अंमलदार साहेबांनी सर्टिफिकेट उलटंपालटं केलं आणि विचारलं, सॉफ्टवेअर चालतंय का? म्हटलं आता चालतंय. मग फसवणूक कुठं झाली? वस्तू मिळाली, चालते, पैसे तुम्ही राजीखुशीनं दिले, सिव्हिल मॅटर आहे. मी म्हटलं साहेब वस्तू फुकटची आहे. तर म्हणतात, फुकटची वस्तू विकू नये असा कायदा आहे का? आणि यातली गंमत म्हणजे नाहीये! ओपन सोर्सच्या लायसन्समध्येच लिहिलंय की कॉपी द्यायचे, बसवायचे, सर्व्हिसचे पैसे घेता येतात. पण खोटं लायसन्स, खोटं सर्टिफिकेट, रद्द जीएसटी नंबर आणि कुलूप घालून पुन्हा पैसे मागणं, याला काय म्हणायचं? फसवणुकीचं कलम आधी ४२० होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, मी कलम सांगितलं तर म्हणे तुम्ही वकील का. आणि मग तो प्रश्न आला ज्याची मला आधीपासून भीती होती, 'आधी तुमच्याकडे कुठलं सॉफ्टवेअर होतं हो?'

यावरच यांचा धंदा चालतो. जो तक्रार करू शकत नाही त्यालाच गाठायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी म्हटलं जे होतं ते काढून टाकलं, कायदेशीर व्हायलाच तर पैसे भरले. यावर ते नुसतं हसले आणि एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घेतली.

सायबर पोलिसांकडे गेलो तर म्हणे माणूस प्रत्यक्ष दुकानात आला, बिल दिलं, हे सायबरमध्ये बसत नाही, ठाण्यात जा. ठाण्यात परत आलो तर म्हणे कॉम्प्युटरचं आहे, सायबरला जा. बँकेत म्हणे पेमेंट तुम्हीच केलंय, आम्ही काय करणार, वाटलं तर अर्ज देऊन ठेवा. अर्ज दिला, पोच मागितली, पोच द्यायला शिक्का सापडेना. शिक्का! बँकेत! जीएसटीच्या ऑफिसात एकच उत्तर, क्रेडिट घेऊ नका. १८ टक्के माझ्याकडनं घेतला, सरकारला भरला नाही, आणि सूचना मला. त्या माणसाच्या मागं कुणी जाणार की नाही यावर साहेब म्हणे ऑनलाईन टाका. ऑनलाईन टाकलं. जीएसटी वेळेवर भरणारा मी, रांगेत उभा मी, आणि तो अजून कुठंतरी काका काका करत फिरतोय.

एका वकिलांनी दोन कामाच्या गोष्टी सांगितल्या. ठाण्यात घेत नसतील तर लेखी तक्रार रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवायची, ती पाठवली. आणि ग्राहक आयोगात धंद्यासाठी घेतलेली गोष्ट बसत नाही म्हणून सगळे परत पाठवतात, पण स्वयंरोजगार म्हणून स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतली असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सूट आहे, आणि पाच लाखापर्यंत फी नाही. माझ्याकडे दोन कामगार आहेत म्हणून सूट बसेल की नाही यावर वाद होईल म्हणाले. टाकणार आहे तरी.

लिनक्सवर राग काढू नका, चार मशीन अजून त्यावरच आहेत, बिलं, हिशोब, पत्रं सगळं लिबरऑफिसमध्ये चाललंय. कोरल आणि श्रीलिपीसाठी एक मशीन विंडोजचं, पक्क्या बिलाचं घेतलं. टॅलीवाल्यांनीही आधी विचार करा, ते विंडोजचं आहे. लायसन्सच्या नावाचा मेल आला तर घाबरून फोनवर काहीही कबूल करायचं नाही, आणि आयकार्डवाल्या खाजगी माणसाला मशीन उघडून दाखवायचं नाही, जप्तीचा अधिकार पोलिसांना आहे, त्याला नाही. सॉफ्टवेअरचं नाव विचारा, अबाउट उघडा, समोरच्यानं माउस ओढला तर त्याला चहा न देता उठवा. आणि ओपन सोर्सला कुठलंही सरकारी सर्टिफिकेट लागत नाही, होलोग्राम असू दे नाहीतर सोन्याचा शिक्का.

अधीक्षक कार्यालयातनं एकानं खाजगीत सांगितलं की एकाच माणसाविरुद्ध चार-पाच तक्रारी एकत्र आल्या तर गुन्हा दाखल करायला सोपं जातं. म्हणून हे लिहिलं. ज्याच्याकडे निळ्या लोगोचं बिल, होलोग्रामचं सर्टिफिकेट किंवा तो मुदत संपल्याचा मेसेज असेल त्यानं फोटो काढून ठेवा, मशीन फॉरमॅट करू नका, तारीख आणि रक्कम लिहून मला कळवा. नाव बाहेर येणार नाही. आधी काय वापरत होता ते मी विचारणार नाही.