पॉप-अप लावावा की लेखाखाली फॉर्म ठेवावा? ई-मेल यादी करण्याआधीची तुलना

दिवाळी अंक काढणारा छोटा प्रकाशक आणि देवगडहून हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवणारा बागायतदार, दोघांनाही वेबसाइट तयार झाली की एकच सल्ला मिळतो: पॉप-अप, म्हणजे पानावर उघडून ई-मेलचा पत्ता मागणारी चौकट, लावा, ई-मेलची यादी झपाट्याने वाढेल. यादी खरोखर वाढते. पण त्या यादीत कोण येतं, ती माणसं पुढच्या हंगामात तुमचं पत्र उघडतात का आणि तेवढ्यासाठी किती जण वैतागून परत गेले, हे सल्ला देणारा क्वचितच सांगतो. म्हणून या दोघांचीच उदाहरणं समोर ठेवून तुलना करतो.

‘सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, मग ई-मेल कशाला?’ ही शंका रास्त आहे. पेटी निघाली, उद्या पोहोचेल, असे निरोप व्हॉट्सॲपवरच द्यावेत. पण कथेचा उतारा, अंकाची अनुक्रमणिका किंवा यंदा मोहोर उशिरा का आला हे सांगणारं पत्र व्हॉट्सॲपच्या गर्दीत हरवतं. परदेशात राहून पुण्या-मुंबईतल्या आईवडिलांसाठी पेटी मागवणाऱ्यांनाही ई-मेल सोयीचा पडतो. शिवाय ही यादी तुमच्या मालकीची असते. समाजमाध्यमांवर तुमचं लिखाण किती जणांना दिसावं हे ती कंपनी ठरवते. ई-मेलच्या यादीबाबत, पत्र स्पॅममध्ये गेलं नाही तर, असा मध्यस्थ नसतो.

पॉप-अपच्या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी

पहिला पान उघडताच स्क्रीन झाकणारा. दुसरा काही वेळाने, किंवा वाचक निघायच्या बेतात असताना येणारा. तिसरा वाचकाने स्वतः ‘मला कळवा’ हे बटण दाबल्यावरच उघडणारा. यांच्यासमोर उभे आहेत लेखात बसवलेला साधा फॉर्म आणि स्क्रीनच्या तळाशी राहणारी बारीक पट्टी. सल्ला देणारे बहुतेक वेळा पहिल्या प्रकाराचे फायदे सांगतात, तोटे मात्र पाचही प्रकारांना सारखेच चिकटतात. हे थांबायला हवं.

नव्वदच्या दशकातले पॉप-अप वेगळ्या खिडकीत उघडत. ट्रायपॉड या कंपनीत काम करताना अशा खिडक्यांचा कोड लिहिणारे इथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. पुढे ब्राउझर अशा खिडक्या अडवू लागले. आजचा पॉप-अप मात्र पानाचाच एक थर असतो, त्यामुळे ब्राउझर तो सहसा अडवत नाही. तो आवरणं ही पूर्णपणे साइटच्या मालकाची जबाबदारी आहे.

पान उघडताच येणारा: मला तो दोघांसाठीही नको वाटतो

यातून मिळणारे पत्ते संख्येने सर्वांत जास्त असू शकतात, कारण तो प्रत्येकालाच दिसतो. पण ज्याने अजून एक ओळही वाचलेली नाही, त्याच्याकडे आपण पत्ता मागत असतो. तो का देईल? बरेच जण चौकट बंद करायची म्हणून काहीतरी टाइप करून मोकळे होतात.

मोबाइलवर तर हा प्रकार अधिकच त्रासाचा. मराठी साइटचे बहुतेक वाचक फोनवर असतात. गुगलवर शोधून येतात किंवा कोणी पाठवलेली लिंक दाबून. चौकटीने स्क्रीन झाकली, वर कळफलक उघडला, की बंद करायची फुलीच दिसेनाशी होते. शोधातून आलेल्या वाचकासमोर मोबाइलवर मजकूर झाकणारी पानं क्रमवारीत खाली जाऊ शकतात, हे धोरण गुगलने १० जानेवारी २०१७ पासून लागू केलं. कायद्याने आवश्यक असलेल्या सूचना, लॉगिनच्या चौकटी आणि स्क्रीनचा माफक भाग व्यापणाऱ्या पट्ट्या त्यातून वगळल्या आहेत. वर्षभर कष्ट करून जुन्या अंकांतल्या कथा साइटवर आणायच्या आणि त्याच पानांची शोधातली जागा एका चौकटीपायी धोक्यात घालायची, हा व्यवहार मला पटत नाही.

थांबून येणारा आणि निघताना येणारा

इथे मामला जास्त विचार करण्यासारखा आहे. वाचक कथेच्या निम्म्याहून पुढे गेला, त्याला भाषा आवडली आहे, अशा वेळी विचारलेला प्रश्न आगाऊपणाचा वाटत नाही. मात्र कथा रंगात आली असतानाच चौकट आडवी आली तर सगळा रस जातो. म्हणून कथेपुरता नियम साधा ठेवावा: मजकूर संपल्यावर विचारा, मध्ये नको.

निघताना येणारा पॉप-अप संगणकावर बरा चालतो. माउसचा बाण टॅब किंवा पत्त्याच्या पट्टीकडे जाऊ लागला की चौकट उघडते. फोनवर माउसच नसतो. तिथे प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेले पॉप-अपचे तयार प्रोग्राम, अंदाज बांधतात: वाचकाने झपकन वर स्क्रोल केलं, मागे जायचं बटण दाबलं, किंवा काही सेकंद काहीच केलं नाही. पहिला परिच्छेद पुन्हा वाचायला वर गेलेल्या माणसालाही ‘थांबा, जाऊ नका’ असं सांगितलं जातं. मागे जायचं बटण अडवून चौकट दाखवणं तर सरळ वाट अडवणं आहे. त्यामुळे हा प्रकार वापरायचाच असेल तर तो संगणकापुरता ठेवावा.

आणखी एक अडचण सहसा लक्षात येत नाही. ‘एकदा बंद केला की ३० दिवस दाखवू नका’ अशी सोय प्लगइनमध्ये असते आणि मालक निश्चिंत होतो. ही आठवण बऱ्याचदा पानावरच्या जावास्क्रिप्ट कोडने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या कुकीत, म्हणजे छोट्या नोंदीत, असते आणि ॲपलचा सफारी अशा कुकीला जास्तीत जास्त ७ दिवसांचं आयुष्य देतो. म्हणजे आयफोनवरच्या नेमाने येणाऱ्या वाचकाला महिन्याऐवजी आठवड्यानेच तोच प्रश्न पुन्हा दिसू शकतो. तुमचा सर्वांत निष्ठावान वाचकच सर्वांत जास्त छळला जातो.

लेखातला फॉर्म, तळाची पट्टी आणि बटणामागची चौकट

लेखाखालचा फॉर्म कमी पत्ते देतो, कारण तिथवर सगळे पोहोचत नाहीत. पण जो पोहोचतो त्याने वाचलेलं असतं. फॉर्मच्या वर ‘आमचे सदस्य व्हा’ एवढंच लिहिलं तर तो फॉर्म मेलेलाच. ‘दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जुन्या अंकातली एक कथा’ असं नेमकं वचन द्या आणि ते पाळा. नाव, शहर, जन्मतारीख काही विचारू नका, ई-मेल पुरे. चौकट ई-मेल प्रकारची ठेवली तर फोन आपोआप @ चिन्ह असलेला कळफलक देतो. देवनागरीत टाइप करणाऱ्याचा त्यामुळे मोठा त्रास वाचतो.

तळाची पट्टी बागायतदाराला उपयोगी आहे. ती मजकूर फारसा झाकत नाही. फक्त ती नंतर येऊन पानाला ढकलणार नाही एवढं पाहावं, नाहीतर ‘ऑर्डर करा’ दाबायला गेलेलं बोट भलतीकडेच पडतं.

वाचकाने स्वतः बटण दाबून उघडलेली चौकट मला या सगळ्यांत प्रामाणिक वाटते. अनुक्रमणिकेशेजारी ‘अंक छापून आला की कळवा’ असं बटण ठेवा. दाबल्यावर छोटी चौकट उघडू दे. मागणी वाचकाची असते, म्हणून तिथे दिलेला पत्ता खरा असण्याची शक्यता खूप जास्त. चौकट कोणतीही असो, ती एस्केप कळीने बंद व्हावी आणि फुली बोटाने सहज दाबता यावी. वेब सुलभतेच्या २०२३ च्या निकषांत दाबण्याच्या जागेसाठी किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितले आहेत. फोनवर मी त्याहून मोठीच ठेवीन. स्क्रीन रीडर, म्हणजे पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या अंध वाचकाला चौकट उघडल्याचं कळलंच नाही, तर त्याच्यासाठी पान तिथेच संपतं.

मोठी यादी महाग कशी पडते

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले. दिवसाला ५,००० हून अधिक ई-मेल जीमेल खात्यांवर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही, पत्र खरोखर तुमच्याकडूनच आलं हे पटवणारी, तिन्ही तांत्रिक ओळखपत्रं लागतात, एका दाबात नाव काढण्याची सोय द्यावी लागते आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याखाली ठेवाव्या लागतात. हजार पत्रांमागे तीन तक्रारी. छोट्या प्रकाशकाची यादी ५,००० पर्यंत जाणार नाही, पण तक्रारी वाढल्या की त्याचीही पत्रं स्पॅममध्ये जातात. मग ज्याने मनापासून नाव दिलं, त्यालाही पत्र दिसत नाही.

समजा, पॉप-अपमधून महिन्यात १०० पत्ते आले आणि लेखाखालच्या फॉर्ममधून २५. हे आकडे केवळ उदाहरणादाखल. १०० पैकी निम्मे चुकीचे किंवा नकोशा मनाने दिलेले निघाले, तर उरलेले ५० सुद्धा २५ पेक्षा जास्तच, असं वाटेल. पण त्या निम्म्यांतल्या दोघा-तिघांनी ‘स्पॅम’ दाबलं की फटका सगळ्या यादीला बसतो. यावर उपाय म्हणजे पुष्टीची लिंक: पत्ता दिल्यावर ई-मेल जातो, त्यातली लिंक दाबली तरच नाव यादीत येतं. यादी लहान होते, पण टिकते. पॉप-अप लावणाऱ्याने तरी ही पायरी गाळू नये.

सवलतीचं कूपन देऊन पत्ता मागण्याबद्दल बागायतदाराला स्पष्ट सांगतो: नको. कूपनसाठी लोक टाकाऊ पत्ते देतात आणि पूर्ण भावाने घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही सवलतीची वाट पाहायला शिकतं.

कायद्याची बाजू

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, माहिती देऊन आणि स्पष्ट कृतीने घ्यावी लागते. ती मागे घेणंही देण्याइतकंच सोपं हवं आणि सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आधीच टिक केलेला चौकोन ठेवू नका. युरोपीय संघाच्या न्यायालयानेही २०१९ मध्ये अशी टिक म्हणजे संमती नव्हे असं ठरवलं आहे आणि तुमचे वाचक जर्मनीतही असू शकतात.

ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला १३ फसव्या रचनांची यादी अधिसूचित केली. त्यात नकार देणाऱ्याला लाजवणं, खोटी घाई करणं आणि सतत टोचत राहणं हे तिन्ही आहेत. ‘नको, मला चांगलं वाचायचं नाही’ असं लिहिलेलं नकाराचं बटण किंवा गोदाम भरलेलं असताना ‘फक्त ५ पेट्या शिल्लक’ ही पाटी, दोन्ही त्यात मोडतात. ‘आत्ता नको’ एवढे शब्द पुरेसे आहेत.

मग कोणी काय घ्यावं

प्रकाशकाने प्रत्येक कथेखाली फॉर्म आणि अनुक्रमणिकेपाशी बटणामागची चौकट, एवढ्यावर वर्षभर काम करावं. प्रकाशनपूर्व सवलतीचे जे काही आठवडे असतात तेवढ्यापुरता संगणकावर निघताना येणारा पॉप-अप चालेल, कारण तेव्हा सांगण्यासारखं काहीतरी आहे आणि त्याला मुदतही खरी आहे. सवलत संपली की तो काढून टाकावा.

बागायतदाराचं उत्तर हंगामावर आहे. जूनपासून पुढे विकायला आंबाच नसतो. तेव्हा ‘पहिल्या पेट्या निघाल्या की कळवा’ हा फॉर्मच पानाचा मुख्य मजकूर करावा, त्यावर पॉप-अपची गरज काय? हंगामात आलेला माणूस भाव बघायला आणि पेटी घ्यायला आलेला असतो. त्याच्या आणि ऑर्डरच्या बटणाच्या मध्ये काहीही आणू नये. खरी यादी ऑर्डरच्या पानावर तयार होते: ‘पुढच्या हंगामाची बातमी ई-मेलने हवी’ असा रिकामा चौकोन, ज्याला हवं त्याने टिक करावं. ज्याने आंबा खाल्ला आहे त्याचा पत्ता कुठल्याही चौकटीतून मिळवलेल्या पत्त्यापेक्षा मोलाचा.

दोघांनीही पत्ता कुठून आला याची खूण पहिल्या दिवसापासून यादीत ठेवावी: पॉप-अप, लेख, ऑर्डर. तीन-चार पत्रं गेल्यावर प्रत्येक खुणेमागे किती जणांनी लिंक दाबली, किती ऑर्डरी आल्या, किती जणांनी नाव काढलं हे पाहावं. पत्र किती जणांनी उघडलं या आकड्यावर विसंबू नये, कारण तो पत्रातलं चित्र उतरलं की नाही यावरून मोजतात. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप वाचकाच्या परवानगीने पत्रातली चित्रं आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे न वाचलेलं पत्रही उघडल्यासारखं दिसतं. आणि गणपतीच्या आठवड्याची तुलना जुलैतल्या आठवड्याशी करू नये. सारख्या दिवसांची तुलना केली तरच पॉप-अप ठेवायचा की काढायचा हे तुमच्याच यादीवरून ठरेल.