वर्षभर पैसे भरून जुनी मृत्युपत्रं शोधली: वापरानंतरचा अनुभव

गेल्या आठवड्यात वंशावळ शोधायच्या एका साइटची वर्गणी आपोआप पुढच्या वर्षासाठी कापली गेली, म्हणून हे आजच लिहून टाकते. साइटचं नाव देत नाही. वंशावळ शोधणाऱ्यांना अशा साइटवर काय असतं ते माहीत आहेच.

माझी सून न्यू जर्सीच्या बर्गन काउंटीतल्या जुन्या डच घराण्यातली. आमच्याकडची वंशावळ त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीतून मिळाली होती, तेव्हा नातवाला आईकडचीही मिळावी असं मनात आलं. सुरुवातीचे चार महिने मी या साइटवर खूश होते. तिथल्याच हॅकेन्सॅक गावचं डच रिफॉर्म्ड चर्च १६८६चं. त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी सहज सापडत होत्या. त्यांत आईचं माहेरचं नाव असतं आणि साक्षीदार बहुधा आजी-आजोबा किंवा काका-मावशी. नावांची पद्धत तर आपल्याच घरची वाटली: यान पीटरसेन म्हणजे पीटरचा यान, आणि त्याचा मुलगा हेंड्रिक यानसेन. आडनावं पक्की झाली ती नंतर, इंग्रजी अंमलात.

मग ते मृत्युपत्र आलं. साइट म्हणते, लिहिलं १२ डिसेंबर १७३१ला आणि प्रोबेट, म्हणजे मृत्यूनंतरची सरकारी मंजुरी, झालं २० फेब्रुवारी १७३१ला. म्हणजे माणूस इच्छा लिहून ठेवायच्या दहा महिने आधीच मेला! साइटवरच्या आमच्या वंशवृक्षाच्या झाडावर चुकीची लाल खूण आली आणि त्याच्या धाकट्या मुलीचा धागाच तुटला.

यात चूक कारकुनाची नाही. इंग्रजी वसाहतींत १७५२पर्यंत सरकारी वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून डिसेंबर १७३१नंतर आला तो फेब्रुवारीही १७३१च. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आपलं शक पाडव्याला बदलतं, म्हणून शिवरायांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ असला तरी इंग्रजी साल १६२९ नाही, १६३० येतं. गोंधळ नको म्हणून त्या काळचे कारकून अनेकदा १७३१/२ असं लिहीत, म्हणजे जुन्या हिशेबाने १७३१, आजच्या हिशेबाने १७३२.

मी तीन मेल पाठवले. तिन्हींना एकच उत्तर: आमच्या नोंदीत १७३१च आहे. दुरुस्ती सुचवली, तर ती खाली टीप म्हणून चिकटली आणि लाल खूण तशीच राहिली. पैसे घेणाऱ्यांना ती तिरकी रेघ आणि पुढचा दोन वाचता येऊ नये, याचा मला अजून राग आहे.

शेवटी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या दुसऱ्या साइटवर खातं काढलं. तिथे एक पैसा लागत नाही. मूळ मृत्युपत्रं न्यू जर्सीची राजधानी ट्रेंटन इथल्या राज्य अभिलेखागारात आहेत, त्यांच्या प्रतिमा इथे पाहता आल्या. कागदावर १७३१/२ स्वच्छ लिहिलेलं! पैसे भरून मी जे वाचत होते तो १९०१ साली छापायला सुरुवात झालेल्या ग्रंथमालेतला सारांश होता. त्यात दोन-चार ओळींत माणूस संपतो.

इथे माझं मत पूर्ण बदललं. फॅमिलीसर्चचा मजकूर-शोध हस्ताक्षर वाचून पानभर नावं काढतो, नुसती मृताची नाही. विधवेचं माहेर मी सात महिने शोधत होते, कारण नवऱ्याच्या कागदात ती फक्त ‘माझी प्रिय पत्नी मारिया’. ते सापडलं तिच्या बापाच्या मृत्युपत्रात: ‘माझी मुलगी मारिया, हेंड्रिकची बायको’. त्या रात्री मी सुनेला फोन करून उठवलं. बाप्तिस्म्याच्या नोंदींची सूची मात्र पैशाच्या साइटचीच सरस, हे मान्य करते. तेवढ्यासाठी एक महिन्याची वर्गणी घ्या, वर्षाची नको, आणि आपोआप नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद करा.

मृत्युपत्रासोबतची मालमत्तेची यादीही पाहा, सारांशात ती एका आकड्यात गुंडाळलेली असते. आमच्या यादीत दोन गायी, एक नांगर, पितळी भांडी आणि त्यांच्या मध्येच एका गुलाम बाईचं नुसतं नाव आणि पुढे तिची किंमत. सुनेनं ते पान बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, हिलाही झाडात जागा हवी. साइटच्या झाडात तशी सोय नाही, रक्ताचं नातं किंवा लग्न लागतं. मी वहीत तिचं वेगळं पान केलंय. त्या नावाचा बाप्तिस्मा हॅकेन्सॅकला अजून सापडला नाही, आता शेजारच्या गावांची चर्चं पाहते आहे.