ताबो की अलची? आधी सुट्टी किती आणि सोबत कोण ते बघा

हिमालयातले जुने बौद्ध मठ बघायचेत, पण हिमाचलातलं स्पिती (तिथला ताबो मठ) करायचं की लडाख (तिथला अलची मठ) यावर घरोघरी गाडी अडते. फोटो बघून ठरवू नका, फोटोत दोन्हीकडे तेच उघडे डोंगर आणि तेच निळं आकाश दिसतं. रस्ता, उंची आणि तुमची रजा, एवढं बघितलं की बरंचसं आपोआप ठरतं.

आधी स्पिती. शिमल्याहून रामपूर, कल्पा, नाको करत ताबो, पुढे काझा. कल्पा ३००० मीटरच्या आतबाहेर, काझा ३६०० च्या वर, म्हणजे उंची हळूहळू वाढते आणि शरीराला सवय होते, पण त्यासाठी दिवस खर्च करावे लागतात, घाई केली की नुसता गाडीतच प्रवास होतो. मनालीकडून जवळ वाटतं, पण कुंझुम खिंड साधारण जूनशिवाय उघडत नाही आणि त्या बाजूने एका दिवसात एकदम उंचीवर जाता, डोकं ठणकतं. पोरांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर शिमला बाजूच धरा. पावसाळ्यात मात्र त्याच शिमल्याकडच्या, किन्नौरमधल्या रस्त्यावर दरडी येतात, हातात एखादा जास्तीचा दिवस ठेवाच.

लडाखचं उलट आहे, दिल्लीहून विमानात बसलं की दीड तासात लेह, आणि तिथेच घोळ होतो. लेह साडेतीन हजार मीटर, शरीराला काही कळायच्या आत तुम्ही वर. पहिले दोन दिवस निवांत पडून राहायचं असं सगळे सांगतात आणि आपली मंडळी दुसऱ्याच दिवशी खारदुंगला ही उंच खिंड गाठतात! माझं ऐकाल तर तब्येत ठीक असेल तर विमानतळावरून सरळ अलचीला जाऊन राहा, ६५-७० किलोमीटर आहे, लेहपेक्षा खाली आहे त्यामुळे झोप बरी लागते, लेहचा बाजार नंतर बघा. सोबत आईबाबा असतील तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

आता मुख्य गोष्ट, चित्रं. ताबोचा मठ इ.स. ९९६ चा, पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याच्या राजाने बांधवलेला, बाहेरून बघाल तर मातीची ढेकळं, निराश व्हाल. आत जा. मधे चारही दिशांना तोंड केलेला वैरोचन बुद्ध, भिंतींवर मातीच्या मूर्ती जणू हवेत बसल्यात, खाली चित्रांचे पट्टे. याला हिमालयातलं अजिंठा म्हणतात, अजिंठा बघितलेल्या माणसाला ते थोडं जास्तच वाटेल, पण एक फरक आहे, इथे अजून पूजा चालते. आत जवळपास अंधार आणि फोटोला बंदी, डोळे सरावेपर्यंत थांबायची तयारी हवी.

अलची त्यानंतरचं, ११ ते १३ व्या शतकातलं, आणि कारागिरी म्हणाल तर मला तेच सरस वाटतं. सुमत्सेक नावाच्या तीन मजली देवळात बोधिसत्त्वांच्या तीन अवाढव्य मूर्ती उभ्या आहेत आणि खरी मजा त्यांच्या धोतरांवर आहे: मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धाचं चरित्र, अवलोकितेश्वराच्या धोतरावर देवळं नि राजवाडे, मंजुश्रीच्या धोतरावर चौऱ्याऐंशी सिद्ध, म्हणजे तांत्रिक योगी (त्या सिद्धांच्या परंपरागत यादीत आपल्या नवनाथांतले गोरक्षनाथही येतात, बघा). सगळी काश्मिरी शैली, जी खुद्द काश्मिरात आता जवळजवळ उरलेली नाही. वरच्या मजल्यांवर सोडत नाहीत. गर्दीच्या सीझनमध्ये मात्र एकामागून एक गाड्या येतात आणि लोक दहा मिनिटांत बाहेर. ताबोला संध्याकाळी तुम्ही आणि दोन-चार लामा, बस.

खर्चाचं म्हणाल तर लडाखला टॅक्सी युनियनचे दर ठरलेले, बाहेरून भाड्याने आणलेली गाडी तिथे फिरवू देत नाहीत, शिवाय विमान. स्पितीत कल्पाजवळच्या रेकाँग पिओहून काझाला सरकारी बस जाते, ताबोवरूनच, हाडं खिळखिळी होतात पण पैसे वाचतात. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, घरात कुणाचं तरी पोस्टपेड असू द्या. स्पितीत रोख पैसे जवळ ठेवा.

आठवडाभराची रजा आणि सोबत घरचे, तर लडाख, पँगाँग सरोवर गाळून अलची, लामायुरू, थिकसे एवढेच मठ करा. दहा-बारा दिवस मोकळे असतील आणि गाडीत बसायचा कंटाळा नसेल तर ताबो, आणि तिथे निदान एक रात्र मुक्काम कराच, काझाला जाता जाता तासभर थांबणार असाल तर त्यापेक्षा अलचीच बरं. दिवाळीच्या सुट्टीत दोन्हीकडे कडाक्याची थंडी, त्यात हट्टाने जायचंच असेल तर लेह, कारण विमान तरी चालू असतं.