सराफा रात्री: गाईडबरोबर जावं की आपलं आपण

डिसेंबर लागला की पुण्या-नागपूरचे फोन सुरू होतात, आम्ही इंदूरला येतोय, सराफा करायचाच आहे, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्याला जोडून एक प्रश्न ठरलेला असतो, की ते गाईडबरोबर फिरायचं बुक करू का, ऑनलाइन दिसतंय, माणशी इतके रुपये, आठ-दहा पदार्थ, तीन तास. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगतो म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. मी दोन्ही केलंय. आपलं आपण तर लहानपणापासून, कारण आमचं जुनं घर रामबागेत होतं आणि तिथून राजवाडा, ज्याच्या शेजारीच सराफा आहे, म्हणजे चालत जायचं अंतर. गाईडबरोबर दोनदा, एकदा भाच्यासोबत आणि एकदा नागपूरचे साडू, त्यांची बायको-मुलं आणि साडूंच्या आई असे सगळे आले होते तेव्हा.

सराफा म्हणजे काय हे इथे परत सांगत नाही, दिवसा सोनं-चांदी आणि दुकानांची शटर पडली की त्याच ओट्यांसमोर खाणं, हे सगळ्यांना माहीत आहे. छप्पन दुकान या इंदूरच्या दुसऱ्या खाऊगल्लीशीही तुलना करत नाही, ते वेगळं प्रकरण आहे, तिथे गाईडची काही गरज नाही.

भाचा जर्मनीत शिकतो, तो प्रागला जाऊन गाईडवालं पब क्रॉल करून आला होता. तिकीट काढायचं, ठरलेल्या चौकात जमायचं, मनगटाला पट्टी बांधतात, मग एक मुलगा किंवा मुलगी वीस-पंचवीस जणांना घेऊन तीन-चार पब फिरवते आणि शेवटी एखाद्या क्लबात नेऊन सोडते. तो म्हणाला मामा, तुमचं सराफ्याचं हे तसंच आहे, फक्त बिअरच्या जागी शिकंजी. आणि त्याला तिथे एकाच गोष्टीचा खरा त्रास झाला होता, की एका जुन्या पबमध्ये छान जागा मिळाली, शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांशी गप्पा जमल्या, आणि तेवढ्यात चला चला पुढचं ठिकाण, ग्लास अर्धा तसाच. पुढे 2024 मध्ये प्रागनं रात्री दहा ते सकाळी सहा असं गाईड घेऊन पब फिरायला बंदीच घातली, गल्लीत राहणाऱ्यांना झोप मिळेना म्हणून. ते मला पटलं. आमच्या सराफ्यातही पंधरा जणांचा घोळका एका ठेल्यासमोर गोल करून उभा राहिला की मागची सगळी गल्ली अडते, आणि ती गल्ली काही रुंद नाही.

पण गाईडवाल्याच्या बाजूनं जे आहे ते आधी सांगतो, कारण ते खरंच आहे. पहिली गोष्ट, क्रम. सराफ्यात नवखा माणूस हमखास चुकतो, शिरल्या शिरल्या जलेबा म्हणजे भली मोठी जिलबी दिसते, केवढी मोठी आहे म्हणून घेतो, मग मावा बाटी, आणि अर्ध्या तासात पोट भरून उभा. मावा बाटी म्हणजे आतून सुकामेवा भरलेला खव्याचा गोळा, तुपात तळून पाकात, एक पूर्ण खाल्ली तर जेवण झालं म्हणायचं. गाईड तसं होऊ देत नाही, आधी तिखट, मधे दही, गोड शेवटी, आणि प्रत्येक ठिकाणी चमचा-दोन चमचे. साडूंच्या मुलांनी त्या रात्री नऊ पदार्थ चाखले, आमच्याबरोबर नुसती आली असती तर चारावर थांबली असती. दुसरी गोष्ट, बसायला मिळतं. गाईडची एका पेढीवाल्याशी ओळख होती, त्यांनी ओटा मोकळा ठेवला होता आणि साडूंच्या आईंना सत्तरीत गुडघे धरून उभं राहायला लागलं नाही. हे मी विसरलेलो नाही.

तिसरी गोष्ट माहिती. ती मात्र गाईडवर आहे. आमचा गाईड मुलगा बोलका होता, चांगला होता, राजवाड्यासमोर उभं करून त्यानं सात मजले दाखवले, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, 1747 मध्ये मल्हाररावांनी बांधायला घेतला, 1984च्या दंगलीत जळाला, हे सगळं बरोबर सांगितलं. मग म्हणाला की अहिल्याबाई इथूनच राज्य करायच्या. साडूंच्या आई शाळेत इतिहास शिकवायच्या, त्या म्हणाल्या, बेटा, देवींनी राजधानी महेश्वरला नेली होती. मुलगा शहाणा, त्यानं ऐकून घेतलं, थँक यू आजी म्हणाला. म्हणजे गाईड तसा वाईट नाही, पण घरात होळकरांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला तो फार नवीन काही देईल असं नाही, एवढंच.

आता ज्यानं माझं मत ठरलं ते. गराडू.

गराडू बाहेरच्यांना माहीत नसतो म्हणून सांगतो, कंद आहे, सुरण-रताळ्यासारखा समजा, फक्त थंडीत मिळतो. ठेलेवाला त्याचे तुकडे आधी एकदा तळून कढईच्या काठाशी ढीग लावून ठेवतो, फिकट पिवळे, त्यात काही मजा नाही. तुम्ही मागितलं की मूठभर तुकडे परत तेलात सरकवतो, झाऱ्यानं हलवत राहतो, कडा लालसर व्हायला लागल्या की काढतो, दोन्यात टाकतो, वरून जीरावण, म्हणजे इंदूरचा कोरडा चटपटा मसाला, भुरभुरवतो आणि अर्धं लिंबू दाबून पिळतो. लिंबाचा रस गरम तुकड्यावर पडला की चर्र असा बारीक आवाज येतो आणि जीरावणाचा वास एकदम नाकात जातो, आणि तेव्हाच, त्याच मिनिटाला, तोंड भाजत खायचा. बाहेरून कुरकुरीत, आत पिठूळ मऊ. चार-पाच मिनिटं गेली की संपलं, बाहेरचं कवच चिवट होतं, आतला भाग घट्ट बसतो, लिंबू शोषलं जातं आणि मग तो नुसता तळलेला कंद उरतो.

गाईडबरोबर आम्ही चौदा जण होतो. त्यानं चौदा दोने एकदम सांगितले, ठेलेवाल्याची कढई एका वेळी तीन-चार दोन्यांची, म्हणजे पहिला दोना भरल्यापासून शेवटचा भरेपर्यंत बराच वेळ गेला, आणि गाईडनं नम्रपणे सगळ्यांना सांगितलेलं की सगळ्यांच्या हातात आलं की मग मी सांगतो हे काय आहे आणि मग सगळे मिळून खाऊ. त्याचा हेतू चांगलाच होता. पण माझा दोना दुसरा होता, मी तो हातात धरून उभा, वाफ जाताना दिसत होती, समोर साडूंचा धाकटा मुलगा काका खाऊ का विचारतोय आणि मी त्याला थांब म्हणतोय, कारण ग्रुपमध्ये दुसरेही लोक होते, आपणच आधी सुरू केलं तर बरं दिसत नाही. शेवटी खाल्ला तेव्हा गार. मुलानं दोन तुकडे खाल्ले आणि दोना माझ्याकडे दिला, म्हणाला ठीक आहे. ठीक आहे! मी त्याला घरून निघाल्यापासून सांगत होतो की गराडू खाऊन बघ, दुसरं काही नाही खाल्लंस तरी चालेल. मला फार वाईट वाटलं, खरं सांगतो, म्हणजे रागही नाही आला, कुणावर रागवणार, पण घरचा पाहुणा आपल्या गावची सगळ्यात चांगली गोष्ट ठीक आहे म्हणून परत देतो हे लागतं मनाला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला एकट्याला स्कूटरवर मागे बसवून परत घेऊन गेलो. स्कूटर लांब लावली, चालत आलो, ठेल्यापाशी कढईला अगदी लागून उभे राहिलो, भिया एक गराडू, नींबू ज्यादा, आणि त्या माणसानं दोना हातात ठेवला तसा मुलाच्या तोंडात पहिला तुकडा. हा-हा करत खात होता, डोळ्यांत पाणी, आणि संपायच्या आत म्हणाला काका अजून एक. तीन दोने झाले आमचे. बाकी त्या रात्री फारसं काही खाल्लंच नाही.

मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे एवढंच आहे.

आपलं आपण जाण्याचा खरा फायदाही तोच, पैसे वाचतात हा दुसरा. गाईडचे माणशी हजाराच्या वर गेले होते आमचे, आणि चौघांनी आपलं आपण पोटभर खाल्लं तरी तेवढ्यात सगळ्यांचं होऊन पानाला पैसे उरतात. पण थांबता येणं ही मोठी गोष्ट आहे. जोशींचा दहीबडा घ्या, तिथे दोना हवेत उडवून झेलतात आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले वेगवेगळे सोडतात, ते बघायला लोक कितीही वेळ उभे असतात. आमच्या गाईडनं तिथे आम्हाला सात-आठ मिनिटं दिली, कारण पुढे शिकंजीवाल्याकडे वेळ ठरलेली. आणि साबुदाण्याची खिचडी, ही महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी मुद्दाम खावी, कारण आपली जशी कूट घालून कढईत परतलेली असते तशी ही नाही, साबुदाणा वाफेवर ठेवलेला असतो, मागितला की त्यात मसाला, लिंबू, फराळी मिक्सचर घालून तिथल्या तिथे कालवून देतात. नागपूरच्या वहिनी एकदा गाईडशिवाय आमच्याबरोबर आल्या होत्या, त्या आधी म्हणाल्या ही काय खिचडी, आणि मग त्या ठेलेवाल्याला विचारत बसल्या की दाणे एकमेकांना चिकटत कसे नाहीत, त्यानंही हातातलं काम न थांबवता सगळं सांगितलं. हे बोलणं गाईड असता तर झालं नसतं, म्हणजे झालं असतं पण गाईडनंच उत्तर दिलं असतं.

त्रास आहेत, नाही असं नाही. शनिवार-रविवारी दहानंतर इतकी गर्दी असते की लहान मुलाचा हात सोडायची सोय नाही. बसायला जागा नाही. कुठलं दुकान चांगलं हे पाटी बघून कळत नाही, आणि मधल्या काळात चायनीज आणि मोमोजचे ठेले इतके वाढले की जुनंच खाणं इथे ठेवा अशी मागणी गावातून झाली, तर नवखा माणूस त्यातच अडकू शकतो. यावर मी पाहुण्यांना सांगतो ते असं, की चौघांत एकच दोना घ्यायचा, काहीही असो, आवडलं तर परत घ्या पण आधी एकच. भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) कीस, गराडू, खिचडी, मग दहीबडा, मग वाटलं तर खोपरा पॅटिस, आणि गोडात मावा बाटी किंवा जलेबा यातलं एक, दोन्ही नाही. शिकंजी सगळ्यात शेवटी, आणि ती लिंबाची नसते, दुधाची घट्ट असते, सुकामेवा घातलेली, सरबत समजून तहान भागवायला मागितलीत तर फसाल. साडेनऊच्या आत जाऊ नका, ठेले नीट लागलेले नसतात. गाईडवाले बरेचदा आठला बोलावतात आणि राजवाडा, होळकरांच्या छत्र्या म्हणजे स्मारकं दाखवत वेळ काढतात, ते त्यासाठीच, छत्र्या रात्री छान दिसतात ही गोष्ट वेगळी. आणि जमलं तर मंगळवार-बुधवार धरा.

मग गाईड कोणी घ्यावा? एकटी बाई आली असेल, गावात कोणी ओळखीचं नसेल, तर घ्यावा, मी स्वतः सांगेन. बरोबर म्हातारं माणूस असेल आणि ओटा मिळण्याची खात्री गाईड देत असेल तर घ्यावा, बुक करताना हे विचारून घ्या, लाजू नका. ऑफिसचे लोक असतील, हिंदी न येणारे, परदेशी, तरीही ठीक. ग्रुप सहा-आठ जणांचा असेल तर माझी तक्रार निम्म्यानं कमी होते, त्यामुळे किती जण असतील हेही आधी विचारा, आणि गराडूच्या ठेल्यावर गाईडला स्पष्ट सांगा की दादा, ज्याच्या हातात येईल त्याला खाऊ द्या, माहिती नंतर सांगा. चांगला गाईड असेल तर ऐकेल. तुमचे इंदूरला मावशी, आत्या, कॉलेजचा मित्र, कोणीही असेल तर मात्र मला विचाराल तर त्यांनाच फोन करा. इथल्या माणसाला सराफा दाखवायला सांगणं म्हणजे त्याच्यावर उपकार केल्यासारखं आहे, तो हातातलं काम टाकून येईल.

आणि मे-जूनमध्ये येणार असाल तर यातलं बरंचसं लागू होत नाही. तेव्हा गराडू नसतोच, भुट्ट्याचा कीस जरा कोमट झाला तरी चांगला लागतो, दहीबडा तर थंडच हवा. उन्हाळ्यात गाईड घेतलात तर माझं काही म्हणणं नाही.