कान्हेरी लेणी: आधी टाक्या बघा

माझी नोकरी पालिकेच्या पाणी खात्यात गेली, त्यामुळे कुठेही गेलो तरी आधी पाण्याची सोय बघायची खोड. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना माझे पाचपैकी साडेचार तारे आहेत, आणि त्यातले निदान तीन पाण्याचे.

बहुतेक मंडळी तीन नंबरच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्यात, फोटो काढून परत फिरतात. व्हरांड्यातल्या साधारण सात मीटर उंच बुद्धमूर्ती आहेतच बघण्यासारख्या, वाद नाही. पण भिक्षू राहायचे कसे, ते कळायला वर चढावं लागतं. शंभराहून जास्त लेणी आहेत आणि त्यातली बरीचशी राहायचीच. चार पायऱ्या, छोटं अंगण, ओसरीत दगडी बाक, आत खोली, भिंतीला धरून निजायचा ओटा. झालं घर. अंगणाच्या कडेला मात्र चौकोनी तोंडाची टाकी. एके ठिकाणी दाराच्या वरच्या कातळात पन्हळ खोदलेली दिसली. डोंगरावरून येणारं पाणी दारात न गळता बाजूने टाकीकडे जावं म्हणून. मी बोट फिरवून उतार तपासला. बरोबर आहे. आमच्या सोसायटीच्या गच्चीला हे अजून जमलेलं नाही.

पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूने हिंडायचं नाही, एका जागी वर्षावास करायचा, असा संघाचा नियम. इथे तर पुढे शेकडो वर्षं कायमची वस्ती झाली. चार महिने धो धो पाऊस आणि मग आठ महिने थेंब नाही, अशा डोंगरावर माणसं ठेवायची तर साठवणीशिवाय गत्यंतर नाही. भिक्षूच्या स्वतःच्या मोजक्या आठ वस्तूंत चीवरं (अंगावरची वस्त्रं), भिक्षापात्र, वस्तरा, सुई यांच्याबरोबर पाण्याची गाळणीही असते. पाण्यातला जीव पोटात जाऊन मरू नये, हा त्यामागचा हेतू. आमच्या खात्याला हे आवडलं असतं!

आणि खर्च कोणाचा? ब्राह्मी लेखांत तो लिहून ठेवलाय. कल्याण, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी लेणी आणि पोढ्या, म्हणजे टाक्या, खोदून दिल्या. भिक्षुणींचीही दानं आहेत. चीवरांसाठी अक्षयनीवी ठेवायची: मुद्दल हलवायचं नाही, व्याजातून कपडे. संसार सोडलेल्यांची उस्तवार संसारी लोक करत होते, आणि हिशेब चोख होता.

अकरा नंबरच्या दरबार हॉलमधले दोन लांबलचक, बुटके दगडी बाक बघा. एकेचाळीसमध्ये अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आहे. नव्वदमध्ये पारशी प्रवाशांनी इ. स. 1009 आणि 1021 मध्ये कोरलेले पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले, लेख आहेत. भिंतीवर नाव लिहायची हौस जुनीच म्हणायची.

अर्धा तारा कापला तो पर्यटकांमुळे. अडीच हजार लिटर तरी मावेल अशा टाकीत वेफर्सची पाकिटं आणि बाटल्या तरंगत होत्या. अंगावर शहारा आला.

सोमवारी पार्क बंद असतं. पार्कचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं. गेटपासून लेणी पाच-सहा किलोमीटर आत आहेत, गुडघे कुरकुरत असतील तर सरळ बस धरा. खाऊची पिशवी हातात धरू नका, माकडं हिसकावतात. पन्हळी चालू बघायच्या असतील तर जुलैत जा, पण बूट चांगल्या पकडीचे घाला; शेवाळावर चपला टिकत नाहीत.