झँथन गम: आठ महिन्यांनंतर

घरी कोरफडीचं जेल करताना ते दाट करायला आधी मी कार्बोमर ही कृत्रिम पावडर वापरायचे. जेल दिसायचं काचेसारखं, पण ताज्या कोरफडीचा रस घातला की बसकण मारायचं. रसातले क्षार कार्बोमरला सोसत नाहीत. म्हणून झँथन गम आणला, हीसुद्धा दाटपणा आणणारी पावडरच. शंभर ग्रॅमचं पाकीट, आठ महिने झाले, अजून निम्मं शिल्लक आहे.

पहिल्याच दिवशी फजिती. पावडर थेट पाण्यात टाकली आणि उकळत्या पाण्यात एकदम बेसन ओतल्यावर पिठल्याचं जे होतं तेच झालं. गुठळ्या वरून ओल्या, आतून कोरड्या, कितीही घोटा, फुटेनात. आता शंभर ग्रॅमच्या घाण्याला अर्धा ग्रॅम गम आधी तीन-चार ग्रॅम ग्लिसरीनमध्ये कालवते आणि ढवळत ढवळत पाण्यात सोडते. गरम करावं लागत नाही. ब्लेंडर मात्र लावू नका. जेलमध्ये अडकलेले बुडबुडे वर यायला तयारच नसतात.

दुसरी चूक घाईची. लगेच पातळ वाटलं म्हणून वरून आणखी गम घातला, एक टक्क्यावर गेले. सकाळी चमचा उचलला तर भेंडीसारखी लांब तार. लेक म्हणाली, "आई, हा शेंबूड आहे." खरंच होतं! रात्रभर मुरू दिलं की दाटपणा वाढतो, त्यामुळे ०.४ ते ०.५ टक्के पुरतो. तरीही थोडी तार राहतेच, लावताना किंचित बुळबुळ जाणवते.

जमेची बाजू म्हणजे पंप. दाबला की जेल सहज बाहेर येतं आणि तळहातावर पुन्हा घट्ट उभं राहतं, ओघळत नाही. लिंबूसत्त्व घातलं तरी दाटपणा टिकतो. केसांच्या कंडिशनरमध्ये घालायला गेले आणि अख्खा घाणा फाटला. कंडिशनरमधले घटक धनभारित, हा गम ऋणभारित, दोघे एकमेकांना धरून दोरे दोरे होतात. तो प्रयोग पुन्हा केला नाही.

जेल टिकवणारा घटक (प्रिझर्व्हेटिव्ह) घालायला एकदा विसरले, तर दहाव्या दिवशी वर बुरशी. हा गम जिवाणूच साखरेवर वाढून तयार करतो, तोही कोबीवर काळा कुजवा आणणारा! अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत तो सापडला, तिथे १९६९ पासून खाद्यपदार्थांत मान्य आहे. सॉसच्या बाटलीवर ४१५ क्रमांक दिसला तर तो हाच.

माझ्या पाकिटातला साधा आहे, जेल धुरकट येतं. पारदर्शक दर्जाचा वेगळा मिळतो, महाग असतो. बहिणीला काचेसारखंच जेल हवं असतं, तिच्यासाठी अजूनही कार्बोमरचं करते, कोरफड न घालता.