गुडघ्यावर बसून फोटो काढणाऱ्यांसाठी : ऑलिंपस टफ टीजी-६

ऑलिंपसचा टीजी-६ हा छोटा वॉटरप्रूफ कॅमेरा घ्यावा का, असं ट्रेकच्या ग्रुपमधलं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, तुम्ही फोटो उभ्याने काढता की खाली बसून? उभ्याने काढत असाल, म्हणजे तटबंदी, ढग, सगळ्यांचा एकत्र फोटो, तर खिशातला फोन पुरे. चांगल्या फोनचा फोटो स्क्रीनवर या कॅमेऱ्यापेक्षा उजवाच दिसेल. पण शेवाळ, अळंबी, बेडूक, खेकडा, गवतातलं बोटाच्या पेराएवढं फूल दिसल्यावर चिखलात गुडघे टेकणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर या किमतीत याच्यासारखं दुसरं काही मला माहीत नाही.

मी पुण्यात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. जून ते ऑक्टोबर सुट्टीचा दिवस सहसा सिंहगड, मुळशी, ताम्हिणी या पट्ट्यात जातो, आणि मागे मुलं असतात. म्हणजे कॅमेरा पावसात चालला पाहिजे, आणि अकरावीच्या मुलाच्या हातात द्यायला भीती वाटता कामा नये. कंपनीचे आकडे असे: १५ मीटर खोल पाण्यापर्यंत वॉटरप्रूफ, २.१ मीटरवरून पडला तरी चालेल, १०० किलोपर्यंतचा दाब सोसेल, उणे १० अंशांत काम करेल. वजन बॅटरी-कार्डासकट २५३ ग्रॅम. यातलं उणे १० सह्याद्रीत कामाचं नाही, बाकीचं सगळं आहे.

फोनही हल्ली वॉटरप्रूफ असतात, हे मला दर वेळी ऐकवलं जातं. असतात, पण ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यातली असते, आणि पाणी आत गेलं तर बहुतेक कंपन्यांची वॉरंटी हात वर करते. त्याहून मोठी अडचण स्क्रीनची. आषाढातल्या सरीत ताम्हिणीच्या घाटात फोन बाहेर काढून बघा. थेंब पडला की स्क्रीनला वाटतं बोट लागलं, आणि ओलं बोट लागलं तर काहीच होत नाही. इथे शटरला बटण आहे, झूमला लिव्हर आहे, मोडसाठी डायल आहे. ओल्या, गारठलेल्या बोटांनी सगळं चालतं. समोरच्या काचेवर थेंब बसतो तेवढा मात्र पुसावा लागतो, कारण वाइडला, म्हणजे झूम न करता काढलेल्या फोटोत, तो मोठा डाग होऊन येतो. त्यासाठी जुन्या सुती साडीचा तुकडा मी गळ्यात, आतल्या बाजूला ठेवते.

आता खरी गोष्ट, डायलवरचा मायक्रोस्कोप मोड. लेन्सपासून एक सेंटीमीटरवर फोकस होतो. लेन्स ३५ मिमीच्या हिशेबात २५ ते १०० मिमी, म्हणजे चारपट झूमची आहे, आणि झूम पूर्ण पुढे घेतला तरी हे एक सेंटीमीटर कायम राहतं. त्यामुळे वस्तूच्या अंगावर न जाता थोडं मागे राहूनही ती मोठी मिळते. मुळशीकडच्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, दवबिंदू उगवतात. ही कीटक खाणारी वनस्पती, उभ्याने पाहिली तर लालसर गवत वाटते. मी कोपरं टेकून झोपले आणि कॅमेरा पात्याशी नेला. पात्यावरच्या प्रत्येक लाल केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि त्यातल्या तीन-चार केसांनी एक चिलट धरून ठेवलेलं. एक पंख थेंबात बुडालेला, दुसरा मोकळा, त्याच्या शिरा मोजता येतील इतक्या स्पष्ट. शेजारचे केस त्याच्याकडे वाकायला लागलेले. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने काढून दाखवत आले. त्या दिवशी मुलं पाळीपाळीने स्क्रीनवर वाकली आणि एक मुलगी म्हणाली, “मॅडम, हे आत्ता चाललंय?” माझ्या दृष्टीने कॅमेऱ्याचे पैसे तिथे वसूल झाले.

इतक्या जवळ गेल्यावर कॅमेऱ्याची स्वतःचीच सावली पडते. त्यासाठी एलजी-१ नावाची कडी वेगळी मिळते. ती लेन्सभोवती बसते आणि कॅमेऱ्यावरच्या एलईडीचा उजेड गोल पसरवते. कडीमध्ये स्वतःची बॅटरी नाही, वायर नाही, काही बिघडण्यासारखं नाही. कॅमेरा घेतलात तर ही घ्याच. झाडाच्या खोडावरचं दगडफूल, जे आपण गोड्या मसाल्यात घालतो, ते ओलं असताना या उजेडात बघा. फोकस स्टॅकिंगही आहे. कॅमेरा वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून फोटो काढतो आणि स्वतःच त्यांचा एक जोडतो. त्यामुळे अळंबीची टोपी आणि देठ दोन्ही धारदार येतात. वारा असेल तर नाद सोडा. बेडकासाठी प्रो कॅप्चर वापरा, त्यात शटर पूर्ण दाबण्याआधीच्या अर्ध्या सेकंदातल्या फ्रेम्सही साठतात. तो उडी मारतो तेव्हा आपलं बोट नेहमी उशिराच पोचतं.

पाण्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. हा कॅमेरा वॉटरप्रूफ आहे तो दोन झाकणांच्या आतल्या रबरी सीलच्या जोरावर. एक झाकण बॅटरी-कार्डाचं, दुसरं केबलचं. सीलवर एक केस, वाळूचा एक कण राहिला की पाणी आत जायला वाट मिळाली. निघायच्या आदल्या रात्री टेबलावर दिवा लावून दोन्ही झाकणं उघडायची, सीलवरून नजर फिरवायची, कोरड्या मऊ कापडाने पुसायचं, बंद करून लॉक सरकवायचा. गडावर झाकण उघडायचंच नाही. बॅटरी भरलेली, कार्ड रिकामं, हे घरूनच बघून निघायचं. कंपनी सील दरवर्षी बदलून घ्यायला सांगते, आणि पुण्यात माझं घोडं इथेच अडलं. शहरातल्या एका दुकानात गेले तर काउंटरवरच्या माणसाने झाकण उघडून पाहिलंसुद्धा नाही. “वॉटरप्रूफच आहे ना मॅडम, कशाला बदलता?” म्हणून परत पाठवलं. मला याचा मनापासून राग आला. ज्यांनी वस्तू विकायची त्यांनी ती सांभाळायची कशी हेही सांगायला हवं. शेवटी दुसरीकडे, ओळखीतून, काम झालं.

समुद्रात मी तो मालवण-तारकर्लीला नेला. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी शोषला जातो, म्हणून पाण्याखालचे फोटो हिरवे-निळे येतात. यात उथळ, मध्यम आणि खोल अशा तीन पाण्यांसाठी व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग सावरायची सेटिंग्ज, वेगळे आहेत, आणि त्याने फरक पडतो. पाणी गढूळ असेल तर कुठलाच कॅमेरा काही करू शकत नाही, आपल्या किनाऱ्यावर हे आधीच मान्य करून जावं. भरतीनंतर कातळात साचलेल्या डबक्यांत मला जास्त मजा आली. हात कोपरापर्यंत बुडवून शंखातल्या खेकड्याच्या समोर कॅमेरा धरायचा. परत आल्यावर झाकणं बंद ठेवूनच तो गोड्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवून ठेवायचा, मग पुसून सावलीत वाळवायचा. मीठ बटणांच्या फटीत सुकलं की बटणं जाम होतात.

उणी बाजू उजेडाची. सेन्सर लहान, १/२.३३ इंचाचा, १२ मेगापिक्सेलचा. लेन्स एफ/२ असली, म्हणजे भरपूर उजेड आत घेत असली, तरी ती वाइडलाच, पूर्ण झूम केला की एफ/४.९ होते, उजेड कमी येतो. भीमाशंकरच्या रानात दुपारी चारलाच अंधारून येतं, तिथे आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता, वर जातो आणि फोटो रवाळ होतो. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली मूळ फाइल, मिळते म्हणून घरी बरंच सावरता येतं. पूर्ण मॅन्युअल मोड नाही, शटरचा वेग आपल्या हातात नाही. भीमाशंकरला पावसाळ्यात रात्री चमकणारी बुरशी टिपायची स्वप्नं असतील तर मोठा कॅमेरा आणि ट्रायपॉड न्या. पक्ष्यांसाठी चारपट झूम अगदीच अपुरा.

जीपीएस, दाबमापक, तापमान, होकायंत्र हे सगळं आत आहे. फोटो कुठे काढला ते साठतं, आणि वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्याला याचा मोठा उपयोग आहे. पण वरचं लॉगचं, म्हणजे वाटेची नोंद ठेवणारं, बटण चालू राहिलं तर बॅटरी खात बसतं. एका चार्जमध्ये ३४० फोटो हा आकडा कंपनीचा. जीपीएस आणि एलईडी वापरणाऱ्याने दुसरी बॅटरी बाळगावी.

टीजी-६ २०१९ चा. २०२१ पासून ऑलिंपसचा कॅमेऱ्याचा धंदा ओएम डिजिटल सोल्यूशन्सकडे गेला, आणि २०२३ मध्ये ओएम सिस्टिम नावाने टीजी-७ आला. सेन्सर-लेन्स त्याच जातीचे, चार्जिंगला यूएसबी-सी आणि उभ्या व्हिडिओची सोय ही भर. नवा घेत असाल तर टीजी-७ घ्या, एक केबल तरी कमी न्यावी लागेल. जवळ टीजी-६ असेल तर तो विकून टीजी-७ घेण्यासारखं काही नाही.

जुना टीजी-६ घेत असाल तर व्यवहार संध्याकाळी रस्त्यावर करू नका, दिवसाउजेडी करा. दोन्ही झाकणं उघडून सीलला चीर किंवा चपटेपणा आहे का ते बघा. बॅटरीच्या कप्प्यातल्या पितळी टोकांवर हिरवट डाग असतील तर पाणी आत जाऊन आलेलं आहे, तिथेच नको म्हणा. लेन्सची काच तिरकी धरून आतल्या बाजूला धूसरपणा आहे का पाहा. मग मायक्रोस्कोप मोड लावून नोटेवरची बारीक अक्षरं टिपा आणि ती चारी कोपऱ्यांत वाचता येतात का ते तपासा. हे सगळं पटलं तरी, नवीन सील टाकेपर्यंत तो पाण्यात बुडवू नका.